टॅपेटची फट

मराठी माणसाच्या मनात सुरत या शब्दासरशी तीन साले उभी राहतात. १६६४ आणि १६७० ही शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांची, आणि १९०७ हे काँग्रेसच्या त्या गाजलेल्या अधिवेशनाचे, ज्यात जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली. इतिहासाच्या पुस्तकातली सुरत येथे संपते. वास्तविक मराठी माणसांची खरी सुरत यानंतरच सुरू होते. १९०० सालच्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरतेपासून अमळनेरपर्यंत पुरा झाला, आणि तापीकाठच्या खानदेशाला तापीच्या मुखाशी असलेले हे शहर एका रात्रीच्या अंतरावर आले. पुढे नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडे, अमळनेर, धुळे, जळगाव या भागातली कुटुंबे पावसाने दगा दिला की उधन्याच्या स्थानकावर उतरू लागली. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, जरीच्या जोडीला कृत्रिम रेशीम आले, आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया, गोडादरा ही एके काळची शिवारे वस्त्यांनी भरून गेली. गोडादऱ्यात आज अहिराणी ऐकू येण्यासाठी कान टवकारावे लागत नाहीत.

अशा स्थलांतरात माणसे काय काय बरोबर आणतात याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. कुलदैवत येते, जात्याची पाळ येते, कळण्याच्या भाकरीची सवय येते. आणि क्वचित एखाद्या घरी, दाराशी ताडपत्रीखाली, धुळ्याच्या किंवा जळगावच्या क्रमांकाची एक जुनी बुलेट मोटारसायकलही येते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी कपाशीच्या चांगल्या सालात घेतलेली, शेत वाटण्यांत गेले तरी वाटणीस न आलेली, आणि मागावर बारा बारा तास उभे राहणाऱ्या मुलाच्या हाती शेवटी आलेली अशी ही वस्तू असते. तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणे त्या घराला परवडत नाही. ती चालली पाहिजे, आणि ती चालवावयाची तर तिच्या इंजिनातील एक अगदी लहानशी फट राखता आली पाहिजे. कारागिरांच्या बोलीत या कामाला टॅपेट सेटिंग म्हणतात. शंभर सव्वाशे वर्षांच्या यंत्रविद्येचा इतिहास या फटीत दडून बसला आहे.

ती बुलेटच का, हे प्रथम सांगावयास हवे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चाळीस वर्षांत आपल्या रस्त्यांवर ज्या दुचाक्या धावल्या त्यांतील बहुतेकींना झडपाच नव्हत्या. म्हैसूरची जावा १९६१ पासून निघू लागली; पुढे तिचेच नाव येझदी झाले. एस्कॉर्ट्सची राजदूत त्याच सुमाराची. पुण्याच्या बजाजची स्कूटर तर घराघरांत पोहोचली. ही सारी वाहने दोन धावांच्या इंजिनाची होती. त्यांत दट्ट्याच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि मिटतो, म्हणून झडप नाही आणि तिची फटही नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळले, प्लग पुसला, की मालकाची विद्या संपली. चार धावांची मोटारसायकल, जिला दोन झडपा आणि त्या उघडणारी यंत्रणा आहे, ती व्यवहारात एकच होती आणि ती म्हणजे बुलेट. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि चार धावांचे इंजिन सामान्य घरांत शिरले. तोवर टॅपेट हा शब्द मोटारींच्या गॅरेजात आणि बुलेटवाल्यांच्या अंगणात एवढ्याच ठिकाणी ऐकू येई.

बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच या गावची. सुया आणि गळ करणाऱ्या या गावात रॉयल एनफिल्ड कंपनीने १९०१ साली पहिली मोटारसायकल काढली आणि १९३२ साली बुलेट हे नाव प्रथम वापरले. आपल्याकडे जी बुलेट आली ती युद्धानंतरची, १९४९ सालच्या नमुन्याची, ३४६ सीसीची होती. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याला दणकट मोटारसायकल हवी होती. त्या मागणीतून १९५५ साली मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एनफिल्ड इंडिया ही कंपनी जन्मास आली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग जोडण्याचे काम होते, मग भागही येथेच घडू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडातील कंपनीच संपली, आणि १९७७ साली मद्रासची बुलेट इंग्लंडात विक्रीस गेली. आईच्या मागे लेकीने घर चालवावे तसा हा प्रकार झाला. त्यामुळे इंग्लंडात जे इंजिन संग्रहालयात गेले ते आपल्याकडे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत नवेकोरे निघत होते. जगातल्या जुन्या मोटारसायकलींच्या इतिहासात हा अपवादच म्हटला पाहिजे, आणि गोडादऱ्यातील ताडपत्रीखालची गाडी त्या अपवादाचा एक तुकडा आहे.

आता फटीकडे वळू. चार धावांच्या इंजिनात पहिल्या धावेला हवा आणि पेट्रोलची वाफ आत येते, दुसऱ्या धावेला ती दाबली जाते, तिसऱ्या धावेला तिचा स्फोट होतो आणि चौथ्या धावेला जळका वायू बाहेर जातो. निकोलाउस ओटो या जर्मन शोधकाने १८७६ साली हे चक्र व्यवहारात आणले. आत येण्यासाठी एक झडप आणि बाहेर जाण्यासाठी दुसरी, अशी त्याची मांडणी. १८८५ साली डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी सिद्ध केली, तेव्हा त्यांनी आत येण्याच्या झडपेला कोणतीही यंत्रणा जोडली नव्हती. नाजूक स्प्रिंगने मिटलेली ती झडप दट्ट्या खाली जाताना होणाऱ्या शोषणानेच उघडे आणि आपोआप मिटे. या सोयीला मर्यादा होती. इंजिन जलद फिरू लागले की झडपेला दट्ट्याशी वेळ साधता येईना. म्हणून पुढच्या पिढीने दोन्ही झडपा यंत्राच्या हुकमतीखाली आणल्या. फिरत्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचा उंचवटा, म्हणजे कॅम. त्या उंचवट्यावर बसलेला टॅपेट. आणि टॅपेटने ढकललेली झडप.

झडप यंत्राला जोडली गेली त्या दिवशी फटीचा प्रश्न जन्मास आला. कॅम म्हणते उघड, स्प्रिंग म्हणते मीट. आणि या दोघींच्या मधे लोखंड आहे, जे तापले की लांब होते. पोलादाचा शंभर मिलीमीटर लांबीचा दांडा शंभर अंशांनी तापला तर तो मिलीमीटरच्या सुमारे आठव्या हिश्शाने वाढतो. जळका वायू ज्या झडपेवरून बाहेर जातो ती एक्झॉस्टची झडप जोराच्या कामात सातशे अंशांच्याही वर तापते, अंधारात पाहिली तर लाल दिसेल इतकी. गार असताना टॅपेट आणि झडप एकमेकांस चिकटून बसवले, तर गरम झाल्यावर वाढलेली झडप जाणार कोठे? ती आपल्या बैठकीवरून किंचित उचललेलीच राहणार. यासाठी गार इंजिनात मुद्दाम थोडी फट सोडावयाची, ती उष्णतेने भरून निघावयाची, असा हा हिशेब आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली बीएसए एम-२० ही गाडी या जुन्या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. तिच्या झडपा सिलिंडरच्या बगलेत, दांडे खाली करून बसवलेल्या. अशा सव्वा लाखांहून अधिक गाड्या युद्धासाठी तयार झाल्या आणि युद्ध संपल्यावर जगभर लिलावात निघाल्या. अमेरिकन सैन्याच्या हार्ले डेव्हिडसन गाड्यांचेही तेच झाले; दिल्लीच्या फटफटिया रिक्षा याच इंजिनांवर १९९८ पर्यंत माणसे वाहत होत्या. या बगलेतल्या झडपांना गार असताना चांगली मोजता येण्याजोगी फट लागे, कारण झडप जेवढी तापते तेवढे तिच्या भोवतालचे सिलिंडरचे ओतीव लोखंड तापत नाही. पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, ज्याला आपले कारागीर फिलर गेज म्हणतात, तो घेऊन ही फट मोजावी लागे. पट्टी आत सरकताना जरा अडखळली पाहिजे, पण ओढताना वाकता कामा नये; हे अडखळणे हाताला कळावयास वर्षे लागतात.

रेडिचच्या अभियंत्यांनी बुलेटमध्ये हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला, आणि त्यांची ही युक्ती फारशी वाखाणली गेलेली नाही. बुलेटच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आहेत. कॅम मात्र खाली. खालची हालचाल वर नेण्यासाठी दोन लांब दांड्या आहेत, त्यांना पुशरॉड म्हणतात. त्या वरच्या टोकाला रॉकर नावाची तरफ ढकलतात आणि रॉकर झडप दाबतो. इंजिन तापले की सिलिंडर वाढतो, त्यावरचे अॅल्युमिनियमचे हेड वाढते, आणि म्हणून रॉकर कॅमपासून दूर जातो. पुशरॉड पोलादाची असती तर ती मागे पडली असती आणि फट वाढून इंजिन खडखडले असते. म्हणून ती अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते, तेव्हा ती दांडी सिलिंडरच्या वाढीशी पाऊल जुळवून चालते. या जुळणीमुळे बुलेटच्या माहितीपुस्तिकेत एक असे वाक्य शक्य झाले जे इतर गाड्यांच्या मालकांना चुकीचे वाटावे: गार इंजिनात फट शून्य ठेवावी. म्हणजे मोजावयाचे काहीच नाही. पट्ट्यांचा जुडगा लागत नाही, चांगला उजेड लागत नाही, इंग्रजी आकडे वाचता येण्याची गरज नाही. दांडी दोन बोटांत धरून फिरवावी. ती सहज फिरली पाहिजे, आणि खाली-वर मात्र हलता कामा नये. ही विद्या मद्रासहून खानदेशात आणि खानदेशातून गोडादऱ्यात पोहोचली ती अशी बोटांतून पोहोचली, यात नवल नाही.

हे काम पहाटेचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचेच इंजिन खऱ्या अर्थाने गार असते. सुरतेच्या वैशाखात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी चालवली नसली तरी गार म्हणवत नाही. एरवी विलायतेतील गारठा आणि सुरतेचा उकाडा यांतील पंधरा-वीस अंशांचा फरक या कामात फारसा मोजावा लागत नाही, कारण दांडी आणि सिलिंडर दोन्ही त्याच हवेत उभी असतात. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, प्लग काढावा, चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढे फिरवावे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवावा. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की दाबाची धाव आली. दट्ट्या तिच्या माथ्यावर पोहोचला की दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. ज्याला प्लग काढावयाचा कंटाळा त्याने बुलेटच्या दिव्यावरील अॅमीटरकडे पाहावे: चावी चालू ठेवून किक सावकाश दाबली की काटा डावीकडे पडलेला असतो आणि तो मधे परतला की दट्ट्या माथ्याच्या जवळ आला. तेथून चाक जरासे पुढे न्यावे. बुलेट सुरू करणारा प्रत्येक जण डीकॉम्प्रेसरची दांडी ओढून हा काटा पाहतोच. फक्त त्याच काट्याचा असा उपयोग होतो हे सर्वांस ठाऊक नसते.

येथे एक चूक हटकून होते. चार धावांत दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो, एकदा दाबाच्या अखेरीस आणि एकदा जळका वायू बाहेर गेल्यावर. या दुसऱ्या वेळी एक झडप मिटत असते आणि दुसरी उघडू लागलेली असते, म्हणजे दोन्ही दांड्यांवर भार असतो. घाईत असलेला माणूस दांडी फिरत नाही असे पाहून ती सैल करतो, तिला मोकळी करतो आणि झाकण लावतो. मग गाडी सुरू होते ती लोहाराच्या भात्याशेजारच्या ऐरणीसारखी वाजत. यात इंजिन लगेच मरत नाही. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते, कमी उचलली जाते, गाडी चढावर दम टाकते. गोंगाटामुळे चूक उघडी पडते आणि दुसऱ्या सकाळी दुरुस्त होते.

खरे काम इंजिनाच्या उजव्या बाजूस, सिलिंडरच्या पायथ्याशी असते. तेथे एका नटाने धरलेले एक लहान झाकण आहे. ते काढले की तेलाने माखलेल्या दोन दांड्यांची खालची टोके दिसतात. प्रत्येकीच्या टोकाशी एक धरून ठेवावयाचा भाग, एक फिरवावयाचा भाग आणि मधे लॉकनट. पाने तीन आणि माणसाला हात दोन, हा रेडिचच्या रचनेतील न सुटलेला प्रश्न होय. म्हणून गोडादऱ्यात काय आणि रेडिचमध्ये काय, या कामाला एक जोडीदार लागत आला आहे. घरात तो बहुधा मुलगा असतो, आणि पाना धरून ठेवता ठेवता तो सारे पाहत असतो. लॉकनट आवळताना बसवलेली फट किंचित सरकते, तेव्हा आवळल्यानंतर दांडी पुन्हा फिरवून पाहावयाची, अडली तर पुन्हा सोडावयाची. दोनदा तीनदा हे होतेच. शेवटी झाकण लावताना जोर दाखवावयाचा नाही. त्या एकुलत्या नटावर जोर केला की झाकण वाकते आणि तेल गळू लागते. जुन्या बुलेटखाली जमिनीवर दिसणाऱ्या काळ्या डागांपैकी काही डाग निष्कारण ताकदीचे असतात.

एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढी काळजी का, असे वाटणे साहजिक आहे. उत्तर आवाजाच्या उलट बाजूस आहे. फट सैल असली तर इंजिन वाजते आणि मालकाला लाज वाटते. शेजारी ऐकतात, गॅरेजवाला हसतो. फट आवळ असली तर इंजिन मुके होते. गाडी कधी नव्हे इतकी गोड चालते. मालक खूश होतो, आणि नेमके तेव्हाच आत एक्झॉस्टची झडप जळत असते. तापलेल्या झडपेची बहुतांश उष्णता जाण्याची वाट एकच, ती म्हणजे तिची बैठक. झडप मिटली की तिची कड बैठकीला टेकते आणि त्या निमिषमात्र स्पर्शात ती आपला दाह हेडच्या धातूला देऊन टाकते. ताशी साठ किलोमीटरच्या सुमारास इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार धरले, तर प्रत्येक झडप मिनिटाला दीड हजार वेळा उघडते आणि तितक्याच वेळा टेकते. तासाला नव्वद हजार. या टेकण्यात केसाएवढी उणीव राहिली तर दोन गोष्टी एकदम होतात. झडप थंड होत नाही, आणि स्फोटाच्या क्षणी पेटलेला वायू त्या केसाएवढ्या फटीतून झोत होऊन निसटतो. गॅसकटर जसे लोखंड कापतो तसा तो झोत झडपेची कड कापतो. एके दिवशी किक मऊ लागते, गाडी ओढत नाही, आणि हेड उतरवल्यावर झडपेच्या कडेला चावा घेतल्यासारखी खाच दिसते.

म्हणून जाणते कारागीर नवख्याला थोडे वाजणारे टॅपेट सहन करावयास शिकवतात. हा विचार आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. आपण आवाजाला दोष मानतो आणि शांततेला गुण. भरीला आणखी एक गोष्ट अशी की काळाचा ओघ दोन्ही दिशांनी चालतो. टॅपेटचे आणि कॅमचे पृष्ठभाग झिजले की फट वाढते आणि ते ऐकू येते. झडप आपल्या बैठकीत झिजून खोल जाऊ लागली की फट कमी होते आणि ते ऐकू येत नाही. कानावर विसंबणाऱ्या मालकाला पहिली झीज कळते, दुसरी कळत नाही. दुसरीसाठी झाकण काढून दांडी बोटांत धरण्याखेरीज उपाय नाही, मग गाडी तक्रार करो वा न करो.

या दुसऱ्या झिजेला आपल्या काळात एक नवे कारण मिळाले, निदान मिळाले असा बोभाटा झाला. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध अमेरिकेत १९२१ साली लागला. इंजिनाचा ठोका थांबावा हा त्याचा हेतू. पण शिशाचा पातळ थर झडपेच्या बैठकीवर बसून तिला झिजेपासून जपतो, हा फायदा आयताच पदरी पडला. शिसे माणसांच्या, विशेषतः मुलांच्या मेंदूला विष आहे हे सिद्ध झाल्यावर ते जगभर काढून टाकण्यात आले, आणि भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्या वेळी जुन्या गाड्यांच्या मालकांत घबराट पसरली. ज्या इंजिनांत बैठक हेडच्याच मऊ ओतीव लोखंडात कापलेली होती, त्यांच्यासाठी ती काही अंशी रास्तही होती. बुलेटचे हेड अॅल्युमिनियमचे, तेव्हा तिच्यात निराळ्या कठीण धातूच्या बैठका मुळातच बसवाव्या लागल्या होत्या. तिला त्या भीतीची झळ कमी बसली. तेवढ्याने शिसे परत हवे होते असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

गोडादऱ्याच्या बाबतीत शिशापेक्षा पाणी हा मोठा शत्रू आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. त्याखेरीज शहराच्या या बाजूस खाड्यांचे पाणी पावसाळ्यात वस्त्यांत शिरते ते निराळेच. बुडालेली गाडी वाळवून, तेल बदलून सुरू करता येते, आणि उतावळा माणूस तेवढेच करतो. पण झडपेचा दांडा ज्या नळीत सरकतो तेथे गंजाचा कण राहिला, तर झडप सावकाश मिटू लागते किंवा उघडीच अडकते. आणि तेलात मिसळलेल्या पाण्याने कॅमचा गुळगुळीत पृष्ठभाग खवडला, तर टॅपेट त्याच्यावर कानशीसारखा घासतो. अशा गाडीची फट आज बसवावी तर आठ दिवसांत बिघडते. फट वारंवार बिघडणे हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे, हे ज्याला कळले त्याने हेड उतरवले आणि गाडी वाचवली. ज्याने दर रविवारी पानाच फिरवला त्याची गाडी भंगारात गेली.

ही सारी कटकट संपवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. तेलाच्या दाबाने आपली लांबी आपोआप राखणारा टॅपेट फ्रान्समध्ये आमेदे बोले याने १९१० च्या सुमारास कल्पिला आणि १९३० साली अमेरिकेतील सोळा सिलिंडरांच्या कॅडिलॅक मोटारीत त्या तत्त्वाची यंत्रणा आली. श्रीमंतांच्या मोटारीतील ही सोय बुलेटमध्ये उतरावयास आणखी जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. २००९ च्या सुमारास रॉयल एनफिल्डने जुने ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन बाजूस सारून नवे इंजिन आणले, आणि त्यात तेलावर चालणारे टॅपेट होते. उजव्या बाजूचे ते लहान झाकण गेले, तीन पाने गेले, पाना धरणारा मुलगा मोकळा झाला. गंमत अशी की २०२० मध्ये आलेल्या त्यापुढच्या इंजिनात कंपनीने कॅम माथ्यावर नेला, पुशरॉड काढून टाकल्या, आणि टॅपेट पुन्हा स्क्रू व लॉकनटाचे केले. फट परत आली. पण तिच्यापर्यंत पोहोचावयाचे तर आता इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण उघडावे लागते, फिलर गेज लागतो, आणि बहुतेक मालक गाडी कंपनीच्या कार्यशाळेत नेऊन मोकळे होतात.

जुन्या गाडीच्या मालकापुढे मात्र अलीकडे एक वेगळाच पेच उभा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. तिला व्हीए ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. याचा अर्थ असा की १९७० च्या आधीची तिरुवोट्टियूरची बुलेट आता कायद्याच्या भाषेतही पुराणवस्तू होऊ शकते. पण त्याच नियमांनी असे वाहन नेहमीच्या ये-जा करण्यासाठी वापरण्यास मनाई केली आहे. प्रदर्शन, शर्यतीवजा फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरते ते रस्त्यावर आणावयाचे. ज्या घरी चार गाड्या आहेत त्यांना ही अट सोयीची आहे. ज्याच्या घरी तीच एक गाडी आहे आणि जो तिच्यावरून रोज पर्वत पाटियाच्या पुढे बाजारात कामाला जातो, त्याला ती गाडी मानाची करून घ्यावयाची तर पायी जावे लागेल. तेव्हा तो दर पाच वर्षांनी साधी फेरनोंदणी करून घेतो, तपासणीला गाडी उभी करतो, आणि तिच्या आदल्या पहाटे मुलाला उठवून हातात पाना देतो.